उभी राहिलेली गाडी आणि हरवलेला पिकअप

आठ-दहा महिने सोसायटीच्या तळघरात उभी असलेली डिझेल गाडी. मालक परदेशातून परततो, नवी बॅटरी टाकतो, गाडी पहिल्या चावीला सुरू होते. शहरात फारसं काही जाणवत नाही. साताऱ्याकडे निघाल्यावर खंबाटकीच्या चढात मात्र ती ओढत नाही. अॅक्सिलरेटर तळाला टेकवला तरी काटा तीन हजारांच्या पुढे सरकायला तयार नसतो. गॅरेजच्या दारात निदान तयारच असतं: “साहेब, टर्बो गेला.”

हे निदान अधूनमधून खरं निघतं, म्हणूनच ते टिकून आहे. पण उभं राहून टर्बो झिजत नाही. झिजायला त्याला फिरावं लागतं. मिनिटाला दोन लाखांच्या घरात फेरे घेणारा तो दांडा तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो आणि त्याचे शत्रू म्हणजे घाण तेल, अपुरं तेल आणि बाहेरून आत शिरलेला कचरा. बंद गाडीत वेगळ्याच गोष्टी बिघडतात: रबर, बारीक नळ्या, टाकीतलं इंधन, क्वचित हलणारे लोखंडी सांधे, ब्रेक. या प्रत्येकाची तक्रार ड्रायव्हरच्या तोंडून एकाच वाक्यात बाहेर पडते, “पिकअप नाही.” त्यामुळे टर्बो खोलण्याआधी त्याच्या शेजाऱ्यांची चौकशी करायला हवी, आणि ती स्वस्तातून महागाकडे, मोजत मोजत करायला हवी.

उदाहरणासाठी आपल्याकडे घरोघरी पोचलेलं इंजिन घेऊ. फियाटचं १२४८ सीसीचं मल्टिजेट पुण्याजवळ रांजणगावला तयार होई, मारुती तेच परवान्यावर मानेसरला बनवी. स्विफ्ट, डिझायर, रिट्झ, पुंटो, लिनिया, इंडिका व्हिस्टा अशा कितीतरी गाड्यांच्या बॉनेटखाली तेच होतं. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ लागू झालं तेव्हा मारुतीने डिझेल सोडलं, त्यामुळे तिची यातली एकही गाडी आता तरुण म्हणता येणार नाही. या इंजिनाचे दोन अवतार आहेत. ७५ हॉर्सपॉवरच्या अवतारात साधा टर्बो: दाब फार झाला की वेस्टगेट नावाची झडप उघडते आणि जादा धूर टर्बाइनला वळसा घालून निघून जातो. ९० हॉर्सपॉवरच्या अवतारात टर्बाइनभोवती फिरत्या पात्यांचं कडं असतं, ज्याला गॅरेजमध्ये व्हीजीटी म्हणतात. इंजिन मंद असताना पाती मिटतात, धूर चिंचोळ्या वाटेने जोरात चाकावर आदळतो. वेग वाढला की पाती उघडतात. उभ्या गाडीचं दुखणं या दोघांत वेगळं दिसतं, म्हणून आपल्या गाडीत कोणता आहे हे आधी माहीत हवं.

आणखी एक गोष्ट आधीच लक्षात घ्यावी लागते. आजच्या गाडीत ताकद कमी होणं हा बऱ्याचदा इंजिनाच्या कंप्युटरने मुद्दाम घेतलेला निर्णय असतो. एखाद्या सेन्सरचा आकडा पटला नाही की तो इंधन आणि दाब दोन्ही आवळतो आणि गाडी कशीबशी घरी पोचेल एवढंच बळ शिल्लक ठेवतो. याला लिम्प मोड म्हणतात. एक ओळखीची खूण म्हणजे चावी बंद करून पुन्हा चालू केली की थोडा वेळ गाडी ठीक पळते आणि पुढच्या चढाला परत बसते. यांत्रिक अडथळा असा चावीने बरा होत नाही.

स्कॅनर लावायच्या आधी बॅटरी पाहावी. भरलेली बॅटरी विश्रांतीत १२.६ व्होल्ट दाखवते, १२.२ म्हणजे निम्मी रिकामी. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ च्या दरम्यान आकडा हवा. हे सांगण्याचं कारण असं की मरायला टेकलेल्या बॅटरीवर स्टार्टर मारला की निम्मे कंट्रोलर गोंधळतात आणि मेमरीत खोट्या कोडची रांग लागते. ती रांग वाचून पार्ट मागवणारे महाभाग आहेत. आधी कोड लिहून घ्यावेत, मग पुसावेत, दहा-पंधरा किलोमीटर गाडी जोर देऊन चालवावी आणि जे परत येतील तेवढ्यांवर विश्वास ठेवावा. पी ०२९९ आला तर दाब अपेक्षेपेक्षा कमी आहे, पी ०२३४ आला तर जास्त आहे, पी ००८७ म्हणजे इंधनाच्या रेलमध्ये पुरेसा दाब नाही. यांतला एकही कोड “टर्बो बदला” असं सांगत नाही. पी ०२९९ तर शंभर रुपयांच्या क्लॅम्पमुळेही येतो.

माझ्या मते या सगळ्या तपासणीत सगळ्यात किफायतशीर पायरी फुकट आहे आणि तीच सहसा वगळली जाते. चावी ऑन, इंजिन बंद, आणि स्कॅनरवर मॅनिफोल्डचा दाब वाचायचा. इंजिन बंद असताना तिथे बाहेरच्या हवेचाच दाब असणार: मुंबईत सुमारे १०१ किलोपास्कल, पुण्यात ९५ च्या आसपास, महाबळेश्वरला ८६ च्या जवळपास. पुण्यात उभी असलेली गाडी १०१ किंवा ८० सांगत असेल तर सेन्सरच खोटं बोलतोय, पुढचं काहीच वाचण्यात अर्थ नाही. आणि ९५ पाहून “सेन्सर कमी दाखवतोय” म्हणणाऱ्याला समुद्रसपाटीची आठवण करून द्यावी. स्कॅनरवरचा आकडा पूर्ण दाबाचा असतो हेही विसरलं जातं. २०० किलोपास्कल म्हणजे दोन बार बूस्ट नव्हे, वातावरण वजा केल्यावर जेमतेम एक बार. जाता जाता: बिनटर्बोची गाडी महाबळेश्वरला सुमारे पंधरा टक्के ताकद हवेच्या विरळपणामुळेच गमावते, टर्बो ती तूट बऱ्यापैकी भरून काढतो. गावात ठीक आणि घाटात गळाठलेली टर्बो गाडी म्हणूनच हवेच्या वाटेकडे बोट दाखवते.

पुढची पायरी रस्त्यावरची. मोकळा रस्ता, शेजारी स्कॅनर धरणारा दुसरा माणूस, तिसऱ्या गिअरमध्ये १५०० पासून ३५०० फेऱ्यांपर्यंत पूर्ण पाय. चार आलेख नोंदवायचे: कंप्युटरने मागितलेला बूस्ट, प्रत्यक्ष मिळालेला बूस्ट, मागितलेला रेल दाब, मिळालेला रेल दाब. आता तीन शक्यता उरतात. कंप्युटर मुळातच कमी बूस्ट मागत असेल, तर टर्बोवर पाना लावू नये. कुठल्यातरी सेन्सरने, तापलेल्या इंजिनाने किंवा इंधनाच्या तुटवड्याने त्याला घाबरवलंय. मागणी भरपूर आणि पुरवठा कमी असेल, तर गळती, अडकलेली पाती, उघडी राहिलेली झडप किंवा तुंबलेला सायलेन्सर. आणि मागणी-पुरवठा दोन्ही जुळत असूनही गाडी ओढत नसेल, तर इंजिन सोडून खाली चाकांकडे बघावं. दहा मिनिटांच्या या फेरीने निम्मे संशयित सुटतात. एवढं करायला तयार नसलेल्या गॅरेजला टर्बो खोलायची परवानगी देऊ नये असं मी तरी म्हणेन.

मागणी आहे आणि पुरवठा नाही, हा उभ्या गाडीचा सर्वांत नेहमीचा प्रकार. त्यातला पहिला गुन्हेगार चार पायांचा असतो. बॉनेटखाली ऊब, आडोसा आणि मऊ रबर. एअर फिल्टरचा डबा उघडला की आत फिल्टरच्या कागदाचा भुगा, बॉनेटच्या आतल्या अस्तराचा कापूस, सुतळीचे तुकडे आणि शेंगदाण्याची टरफलं अशी नीट रचलेली गादी मिळते. ती हातमोजे घालूनच काढावी. उंदरांच्या मुतातून लेप्टो पसरतो आणि आपल्याकडे पावसाळ्यात तो काही दुर्मीळ नाही. वायर कुरतडलेली असली तर दिवा लागतो, कोड येतो, सापडते. अवघड असते ती पेन्सिलीपेक्षा बारीक व्हॅक्यूमची नळी. व्हीजीटीची पाती हलवणारा डबा व्हॅक्यूमवर चालतो आणि ही नळी ब्रॅकेटखालून अशी गेलेली असते की वरून अख्खी दिसते, खालच्या बाजूला मात्र दातांच्या खुणांची एक अर्धवर्तुळाकार चीर असते. हाताला लागते, डोळ्याला नाही. बोटाने दाबून, वाकवून, अगदी शेवटपर्यंत चाचपावी. उंदराने तोंड लावलं नसेल तरी जुनं रबर उष्णतेने कडक होऊन टोकाशी सैल पडतंच.

मोठ्या होज पाइपची गोष्ट वेगळी. टर्बोपासून इंटरकूलरकडे आणि तिथून इंजिनाकडे जाणारे हे जाड पाइप. आयडलला त्यांची चीर मिटलेली राहते आणि दाब चढला की उघडते, म्हणून बॉनेट उघडून नुसतं बघण्याने ती सापडत नाही. खूण म्हणजे जोर दिल्यावर फुस्स आवाज, मागे काळा धूर, आणि सांध्यापाशी तेलकट धुळीचा ताजा पट्टा. पाइपात थोडं तेल असणं स्वाभाविक आहे. गळती ते तेल बाहेर उडवून स्वतःचा पत्ता देते. खात्री करायची तर टर्बोच्या तोंडाशी बूच बसवून अर्धा ते एक बार हवा सोडावी आणि सांध्यांवर साबणाचं पाणी फिरवावं. धुराचं यंत्र असेल तर उत्तमच. पण साबणाच्या पाण्याने भागणारं काम यंत्राअभावी अडू नये.

आता पाती आणि झडप. इथे ड्रायव्हरची नेमकी तक्रार स्कॅनरइतकीच उपयोगी पडते, म्हणून “पिकअप नाही” वर न थांबता त्याला खोदून विचारावं. सुरुवातीला मेलेली, अडीच हजारांनंतर जरा जीव आलेली? मग पाती उघड्या अवस्थेत अडकली आहेत. खालून छान उचलते, पण वर जाताच धक्का देऊन बसते आणि चावी बंद-चालू केल्यावर सुधारते? मग पाती मिटलेली अडकली आहेत, दाब मर्यादेबाहेर जातोय आणि कंप्युटर हात आखडतोय. कारण दोन्हीकडे तेच: काजळी आणि गंज. सायलेन्सरमधल्या दमट हवेने काजळीचा थर घट्ट होतो आणि महिनोन्‌महिने न हललेलं कडं जागच्या जागी चिकटतं. साध्या टर्बोत वेस्टगेटच्या बाहेरच्या दांडीचा सांधा असाच गंजतो. कोकणात आणि गोव्यात खाऱ्या हवेमुळे तर लवकरच.

तपासणी सोपी आहे. हातपंपाने पाती हलवणाऱ्या डब्याला, म्हणजे अॅक्च्युएटरला, व्हॅक्यूम द्यायचा आणि दांडीकडे बघायचं. ती हळूहळू, न अडखळता पूर्ण सरकली पाहिजे, पंप थांबवल्यावर तिथेच टिकली पाहिजे, सोडल्यावर तशीच परतली पाहिजे. टिकत नसेल तर आतला पडदा फाटलाय. अडखळत असेल तर पाती चिकटलीत. पडदा फाटला असेल तर बऱ्याच टर्बोंत नुसता अॅक्च्युएटर बदलता येतो, हे ग्राहकाला क्वचितच सांगितलं जातं.

चिकटलेल्या पात्यांचं काय करायचं यावर मेकॅनिकांत उघड दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, महामार्गावर नेऊन खालच्या गिअरमध्ये झोडा, काजळी जळून मोकळी होईल. दुसरा म्हणतो, टर्बो उतरवून गरम बाजू खोलून साफ करा. मला पहिला उपाय किंचित अडखळणाऱ्या पात्यांपुरता मान्य आहे, तोही तेल आणि फिल्टर बदलल्यानंतरच. पूर्ण जाम झालेल्या पात्यांवर तो चालत नाही, उलट दाब मर्यादेबाहेर जायची भीती असते. उतरवून साफ करणं टिकतं, पण कडं पुन्हा जोडताना पात्यांचा थांबा आधी होता तिथेच बसला पाहिजे. टर्बोच्या नळीतून फेसाळ क्लीनर मारण्याच्या तिसऱ्या पंथाबद्दल एवढंच, की वितळलेली घाण पुढे जाते कुठे हे त्यांनी सांगावं.

काजळीचा जुळा भाऊ म्हणजे ईजीआर झडप. ही धुराचा काही भाग परत इंजिनात सोडते आणि उघडी राहून वाळली की ताज्या हवेची जागा धूर खातो. इथे थोडं गणित कामी येतं. १२४८ सीसी चार सिलिंडरांत वाटली तर प्रत्येकी ३१२ सीसी. पुण्याच्या हवेत एवढ्या घनफळाचं वजन साधारण ३४० मिलिग्रॅम. सिलिंडर कधीच पूर्ण भरत नसल्याने ईजीआर मिटलेली असताना तीनशेच्या आसपास आकडा अपेक्षित. हवेचं वजन मोजणारा सेन्सर असलेल्या गाडीत झडप मिटायचा हुकूम दिल्यावरही तो दोनशेच्या आसपास घुटमळत असेल, तर एक तर झडप मिटलेली नाही किंवा सेन्सर मळला आहे. सेन्सरची तार त्यासाठीच्या स्प्रेने धुऊन पुन्हा मोजलं की दोघांतला खरा कोण ते कळतं.

इंधनाकडे वळू. डिझेलची अर्धी टाकी पावसाळाभर श्वास घेत राहते. दमट हवा आत जाते, गार पत्र्यावर पाणी सुटतं, तळाशी साचतं. पाणी आणि डिझेलच्या सीमेवर बुरशी आणि जिवाणू वाढतात आणि फिल्टरमध्ये शेवाळासारखा काळा, चिकट गाळ येतो. गाडी आयडलला सुरळीत, हळू चालवताना सुरळीत, आणि पूर्ण पाय दिला की रेलचा दाब मागणीच्या मागे पडतो. कॉमन रेल इंजिनात आयडलला अडीच-तीनशे बार पुरतात, पूर्ण भाराला चौदाशे-सोळाशे लागतात. तुंबलेला फिल्टर पहिलं देतो, दुसरं देऊ शकत नाही. फिल्टरच्या बुडाचा स्क्रू सोडून पहिलं पेलाभर डिझेल काचेच्या बरणीत घ्यावं आणि तासभर ठेवावं. खाली वेगळा थर दिसला तर नुसता फिल्टर बदलून भागणार नाही, टाकी उतरवून धुवावी लागेल.

टर्बो पेट्रोल गाड्यांत हाच खेळ इथेनॉलमुळे वेगळा होतो. २०२२ च्या जूनमध्ये देशाने सरासरी दहा टक्के मिश्रण गाठलं आणि त्यानंतर पंपांवर वीस टक्क्यांचं पेट्रोल आलं. इथेनॉल पाणी ओढतं. मर्यादेपलीकडे ओढलं की पाणी आणि इथेनॉल मिळून तळाशी बसतात आणि पंप नेमका तळातूनच उपसतो. एवढं झालं नाही तरी महिनोन्‌महिने ठेवलेल्या पेट्रोलचे हलके घटक उडून जातात. अशा पेट्रोलवर बूस्टखाली इंजिन नॉक करू लागतं, कंप्युटर ठिणगी उशिरा टाकतो, ताकद घटते, आणि कोड मात्र एकही येत नाही. दिवा नसलेली, धूर नसलेली, आवाज नसलेली सुस्ती दिसली की सगळ्यात आधी टाकी रिकामी करून ताजं पेट्रोल भरावं.

टाकीच्या श्वासनळीचाही एक किस्सा सांगण्यासारखा आहे. २०११ मध्ये माझदाने उत्तर अमेरिकेत सुमारे ६५,००० गाड्या परत बोलावल्या, कारण एका जातीचा कोळी टाकीच्या हवेच्या नळीत जाळं विणत होता. आपल्याकडे ते काम कुंभारीण माशी करते. चिखलाचं घरटं बांधायला तिला उभ्या गाडीतली कुठलीही अरुंद नळी चालते. १९९६ मध्ये डॉमिनिकन रिपब्लिकमधून उडालेलं बर्गेनएअरचं बोइंग ७५७ कोसळलं आणि १८९ माणसं गेली. तीनेक आठवडे उभ्या असलेल्या त्या विमानाच्या वेगमापक नळीत अशाच माशीचं घरटं असावं, हा तपासातला सर्वांत संभाव्य निष्कर्ष होता. गाडीत तेवढं घडत नाही, पण इंधनाचं झाकण उघडताच हवा जोरात आत ओढली गेली आणि त्यानंतर गाडी काही वेळ बरी पळाली, तर नळी तपासावी.

धुराच्या वाटेचं दुखणं थोडक्यात. बीएस-६ डिझेलमध्ये काजळीचा फिल्टर, म्हणजे डीपीएफ असतो. उभं राहून तो तुंबत नाही, पण अर्धवट भरलेला उभा केला आणि अधूनमधून नुसता आयडल केला तर भरत जातो. त्याच्या दोन बाजूंच्या दाबातला फरक इंजिन बंद असताना शून्य दिसला पाहिजे; तो नसेल तर फिल्टर नव्हे, सेन्सर किंवा त्याच्या बारीक नळ्या दोषी आहेत. आणि त्या नळ्याही उंदरांच्या आवडीच्या.

मागणी-पुरवठा दोन्ही जुळले तर काय, हे वर अर्धवट सोडलं होतं. उत्तर बहुधा हँडब्रेक. पावसाळाभर ओढून ठेवलेला हँडब्रेक मागच्या ड्रममध्ये गंजाने चिकटतो आणि गाडी स्वतःलाच ओढत राहते. सपाट रस्त्यावर न्यूट्रलमध्ये सोडून ती किती घरंगळते बघा, पाच किलोमीटरनंतर चारही रिमांजवळ हात न्या. एक चाक बाकीच्यांपेक्षा खूप गरम असेल तर टर्बोची चर्चाच मिटली. फेरे वाढतात पण वेग वाढत नाही असं असेल तर क्लच घसरतोय. ब्रेकमुळे “टर्बो गेलेल्या” गाड्या हा विनोद वाटतो, पण टर्बोचं बिल फाडून झाल्यावर तो कोणालाच आवडत नाही.

मग टर्बो खरंच कधी जातो? उंदराच्या घरट्याचे तुकडे कंप्रेसरने ओढले आणि पात्यांच्या कडा चेचल्या, तर. महिनोन्‌महिन्यांनी सुरू करताच कोणी जोरात रेस मारली आणि तेल पोचायच्या आत दांडा कोरडा फिरला, तर. तेव्हा निळा धूर, सायरनसारखी शिट्टी, इंटरकूलरमध्ये पेलाभर तेल अशी लक्षणं दिसतात. इनटेकचा पाइप काढून दांडा बोटाने हलवून बघणं ही रूढ चाचणी आहे आणि तिथेच सगळ्यात जास्त निष्पाप टर्बो बळी जातात. दांडा आडवा थोडा हलणं बरोबर आहे. तेलाच्या थरासाठी ती जागा ठेवलेलीच असते. पुढे-मागे जाणवेल इतका सरकला, किंवा चाक घराला घासल्याची चकाकती रेघ दिसली, तरच तो गेला म्हणावं.

राहता राहिला कधीच न मिटणारा वाद: मालक गावाला असताना दर रविवारी कोणीतरी गाडी सुरू करावी का. सुरू करावी म्हणणारे बॅटरीचा आणि तेल फिरण्याचा दाखला देतात. हिशेब करून बघू. उभ्या गाडीची उपकरणं साधारण ३० मिलिअँपिअर खातात. आठवड्याला सुमारे पाच अँपिअर-तास. आयडलवर बॅटरीत वीस अँपिअर गेले असं धरलं तरी पाच मिनिटांत पावणेदोनही भरत नाहीत. बदल्यात थंड इंजिनात पाणी सुटतं, सायलेन्सर ओला होतो, काजळी बसते, डीपीएफ भरतो. म्हणजे रविवारचा हा विधी वर वर्णिलेले निम्मे आजार पोसतो. चालवायचीच असेल तर पंधरवड्यातून एकदा वीस-पंचवीस किलोमीटर, इंजिन पूर्ण तापेपर्यंत, मध्येच जरा जोर देऊन. ते जमणार नसेल तर निघण्यापूर्वी तेल बदलावं, टाकी भरावी, बॅटरीची निगेटिव्ह तार काढावी, गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावावा, हँडब्रेक सोडावा, आणि परत येईपर्यंत मेव्हण्याच्या हाती चावी देऊ नये.